दिवा लागल्यावरची चाल

माझं काम काय, हे सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. "ऑनलाइन गेमला संगीत देते" म्हटलं की समोरचा विचारतो, "म्हणजे ते टुंग टुंग?" मी "हो" म्हणून मोकळी होते, कारण खरं सांगायला बसलं तर चहा गार होतो.

खरं असं आहे. आमच्या गेममध्ये गावं आहेत, जंगल आहे, एक ओसाड बंदर आहे, आणि खेळणाऱ्याची गोष्ट जिथवर आली असेल त्याप्रमाणे त्या त्या ठिकाणचं संगीत बदलतं. जंगलातला राक्षस मेला की ढोल थांबतात आणि बासरी सुरू होते. दोन खेळाडू एकाच झाडाखाली उभे असले, तरी ज्याने राक्षस मारला त्याला बासरी ऐकू येते आणि ज्याने मारला नाही त्याच्या कानात ढोल बडवत राहतात. कोणाला काय ऐकू यावं याचे नियम मी लिहिते. चाल कधी सुरू करायची आणि कधी बंद करायची, या दोन रकान्यांत माझी आठ वर्षं गेली.

आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे 'गजर' म्हणतो, कारण ते दर तासाला वाजतात. त्या शुक्रवारी ते माझ्या टेबलापाशी येऊन वाजले.

"बंदरात लोक अडकून बसलेत. दीपस्तंभात घालायचं तेल मिळवतात आणि दिवा लावतच नाहीत. तिघांतला एक. काय भानगड आहे बघा. बुधवारी नवी आवृत्ती जाते."

भानगड मला बघावी लागली नाही. बंदरात दिवा लागायच्या आधी एकच व्हायोलिन वाजतं, एकटं, साधं. दिवा लागला की ते बंद होतं आणि चाळीस वाद्यं एकदम अंगावर येतात. ते पाप माझंच. चार वर्षांपूर्वी माझी अशी समजूत होती की आनंद म्हणजे मोठा आवाज. दिवा लावलेल्यांकडून लोकांनी ते ऐकलं होतं आणि त्यांना तो आनंद नको होता, म्हणून ते तेलाचा डबा हातात धरून अंधारात उभे होते.

अडकलेल्यांची यादी उघडली आणि त्यात एक नाव दिसलं: 'उजवा'. सहा आठवडे तेल घेऊन उभा. तो माझा दादा.

दादा एका वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचा. दीड वर्षापूर्वी गाडीच्या दारात त्याचा डावा हात सापडला. तर्जनी आणि मधलं बोट वाचलं, उरलेली दोन नीट वाकत नाहीत. व्हायोलिन कपाटावर गेलं आणि दादा त्याच वाद्यवृंदाच्या कार्यालयात स्वरलेखनाच्या फायली लावायला लागला. डॉक्टर म्हणाले बोटं हलती ठेवा, म्हणून मीच त्याला आमचा गेम लावून दिला. डाव्या हाताने चार बटणं दाबून माणूस चालवायचा असतो. डावीकडे वळायचं बटण नेमकं त्याच्या अनामिकेखाली येतं आणि ते बोट काही दबत नाही. त्यामुळे त्याचा माणूस फक्त उजवीकडे वळतो. डावीकडे जायचं असलं की उजवीकडून अख्खी गिरकी घेतो. नाव त्याने स्वतःच ठेवलं. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो, आणि नंतर मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते.

बंदरातलं ते एकटं व्हायोलिनही त्याचंच. चार वर्षांपूर्वी त्याच्या झोपायच्या खोलीत भिंतींना रजया टांगून आम्ही ते ध्वनिमुद्रित केलं होतं, एका दमात.

रविवारी मी त्याच्याकडे गेले. तो कॉम्प्युटरसमोरच होता. पडद्यावर बंदर, मोडक्या होड्या, आणि खोलीत त्याचंच जुनं वाजवणं.

"दिवा का लावत नाहीस?" मी विचारलं.

"घाई काय आहे?"

"दादा, सहा आठवडे झाले."

त्याने 'उजव्या'ला होड्यांभोवती एक गिरकी घ्यायला लावली. मग म्हणाला, "दिवा लावला की मी बंद होतो."

काय बोलायचं ते सुचलं नाही की मी नको ते बोलते. "मग दिवा लागल्यावरचं तू वाजव. ती चाळीस वाद्यं मी काढूनच टाकणार आहे."

"दोन बोटांनी?"

"बंदर तरी कुठे धड आहे? दिवा लागला तरी पाचातल्या दोनच होड्या पाण्यात उतरतात. त्यांना तुझी दोन बोटं पुरतील."

"माझी कीव करायला आलीस?"

"कीव करायला मला वेळ नाही," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "बुधवारी आवृत्ती जायची आहे. तुझ्याकडून होत नसेल तर सरळ नाही म्हण, मी दुसरा माणूस बघते."

"बघ."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हात पुसत होती. "भावंडं शोभता," एवढंच म्हणाली. मी चप्पल घालून निघाले आणि वाटभर स्वतःला शिव्या देत राहिले. दुखऱ्या हातावर बोट ठेवायचं आणि वर बुधवारचा धाक दाखवायचा, ही अक्कल मी कुठून आणली देव जाणे.

सोमवारी दुसरा वादक आला. गुणी माणूस होता. स्वर सगळे जागच्या जागी, कुठे म्हणून खोट नाही. पण पडद्यावर मोडकं बंदर कसंबसं उठून उभं राहतंय आणि मागे हे इस्त्री केलेलं वाजवणं, काही जमेना. त्याचे आभार मानून मी त्याला निरोप दिला. मग तोंड पाडून बसले.

मंगळवारी सकाळी वहिनीचा फोन आला. ती कुजबुजत होती.

"व्हायोलिन खाली आलंय. धूळ माझ्या चांगल्या टॉवेलने पुसली, पण जाऊ दे. त्याला काही विचारू नकोस. मी बाजारात गेलेय असं त्याला वाटतंय."

"आणि कुठे आहेस?"

"जिन्यात. अर्धा तास झाला. शेजारीण दोनदा विचारून गेली, किल्ली हरवली का म्हणून." ती थांबली. "ऐक."

तिने फोन बंद दाराशी धरला असावा. दाराआडून एक सूर आला, घसरला, परत आला. मग शिवी. मग पुन्हा तोच सूर. मी फोन कानाला घट्ट लावून धरला.

बुधवारी सकाळी दहाला दादा व्हायोलिनची पेटी घेऊन आमच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत हजर झाला. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं तर म्हणाला, "ते नंतर. आधी खुर्ची बदल, ही कुरकुरते."

बंदराची तीच चाल त्याने घेतली होती, पण निम्म्या लयीत. दोन बोटांना जेवढं जमेल तेवढंच ठेवलं होतं. बाकीच्या स्वरांसाठी हात वर-खाली सरकवायचा, आणि तो सरकण्याचा आवाजही येत होता. एक ओळ वाजवून थांबायचा, मग दुसरी. मध्ये नुसती शांतता. सोळा वेळा "परत" म्हणाला. सतराव्या वेळी काहीच म्हणाला नाही, गज खाली ठेवला आणि डावा हात काखेत दाबून बसला. मी काचेपलीकडे होते. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते लपवलं नाही.

दुपारी गजर तीनदा वाजून गेले. मी घाईघाईत नियम लिहिला आणि चाचणीची आवृत्ती तयार केली. दिवा पहिल्यांदा दादानेच लावायचा, असं मी ठरवलं होतं. त्याच्या 'उजव्या'ला तेलाच्या डब्यासकट चाचणीत आणलं आणि दादाला माझ्या खुर्चीत बसवलं. मागे साहेब, आणि चुका शोधणारी आमची परीक्षक.

'उजवा' गिरक्या घेत दीपस्तंभाशी गेला. दादाचा हात बटणावर थांबला. चार वर्षांपूर्वीचा दादा वाजवत होता, चार बोटांनी, झरझर.

"लाव," मी म्हणाले.

त्याने दिवा लावला. बंदरावर उजेड पडला, दोन होड्या पाण्यात उतरल्या, आणि सकाळचं वाजवणं सुरू झालं. पण जुनंही चालूच राहिलं. सुरूचा रकाना भरला होता, बंदचा विसरले होते. आठ वर्षांत ही चूक माझ्या हातून कधी झाली नव्हती, आणि ती आज व्हावी, त्याच्या देखत.

"जुनं बंद होत नाहीये," परीक्षक म्हणाली आणि लिहून घ्यायला लागली.

"माझी चूक. दोन मिनिटांत काढते." मी कीबोर्डकडे हात नेला. दादाने तो मध्येच धरला.

"थांब."

तो ऐकत होता. चार बोटांचा दादा पुढे पळत होता, आणि दोन बोटांचा एकेक स्वर ठेवत मागून येत होता. लय बरोबर निम्मी आणि चालीतली प्रत्येक ओळ त्याच एका स्वरावर संपणारी, त्यामुळे मागच्याच्या दर ओळीच्या शेवटी दोघं त्या स्वरावर भेटत होते. साहेबसुद्धा गप्प होते, यावरून काय ते समजा.

"हा पहिला किती घाई करतो," दादा हळूच म्हणाला. "मला कधी कळलंच नाही. तेव्हा मला वाटायचं, छान वाजवतोय."

"छानच वाजवतोय."

"हो. पण घाईत आहे." तो हसला. दीड वर्षात मी त्याला स्वतःच्या वाजवण्यावर हसताना पाहिलं नव्हतं. "दुसरा त्याला सांभाळून घेतोय बघ. राहू दे दोघांना."

मी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. "बंद होत नाही ही चूक आहे की मुद्दाम आहे?" त्यांनी विचारलं.

"आता मुद्दाम आहे," मी म्हणाले. परीक्षकाने लिहिलेलं खोडलं.

दादा उठेल असं मला वाटलं, पण तो खुर्चीतच बसून राहिला.

"पुढे काय आहे?" त्याने विचारलं.

"पुढे डोंगर आहे. तिथलं संगीत अजून व्हायचंय."

"कोण वाजवणार?"

"ठरलं नाही."

"बरं," तो म्हणाला. पायाशी ठेवलेली पेटी त्याने टाचेने जरा जवळ ओढून घेतली. "वाट कुठून जाते?"

"डावीकडून," मी म्हणाले आणि जीभ चावली.

दादाने काही मनावर घेतलं नाही. दोन बोटं बटणांवर ठेवली, आणि 'उजवा' उजवीकडून अख्खी गिरकी घेऊन डोंगराच्या वाटेला लागला.