ठणठणीत आजीचा पट्टा

सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या, सणाला आमच्या गावच्या विहाराच्या आवारात सगळ्यांत ठणठणीत आजी निवडतात. त्या वर्षी माझी थोरली बहीण खमफोंगच निवडली जाणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. गाल वर आलेले, कातडी तुकतुकीत, चेहरा ताटासारखा गोल. माझे गाल बसलेले. लोक आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघत आणि विचारत, "बुनलाय, तुला घरी जेवायला देतात ना गं?"

ताईच्या त्या गालांवर माझा पहिल्यापासून राग होता. हेवा म्हणा, माझी काही हरकत नाही. पण आमच्या घराण्यात सगळ्यांची तोंडं लांबुळकी, हनुवट्या टोकदार. साठी उलटलेली बाई अशी अचानक गोल होते कशी? शिवाय पोट सुटलेलं, मानेमागे मांसाचा गोळा, आणि हातपाय मात्र काटक्या.

माझा संशय थोंगसाय काकांच्या दुकानावर होता. तिथे सुक्या मिरच्या आणि साबणाच्या शेजारी छोट्या पिशव्या टांगलेल्या असत, प्रत्येकीत रंगीबेरंगी गोळ्या. गावात त्यांना नुसतं 'सेट' म्हणत. भाताची लावणी करून कंबर मोडली की एक सेट घ्यायचा आणि सकाळी पुन्हा चिखलात उतरायचं. कुठली गोळी कशाची, हे काकांनाही सांगता आलं नसतं. ताई आधी लावणीपुरता घ्यायची, मग कापणीलाही घ्यायला लागली, मग रोजच.

"ताई, सोड त्या गोळ्या. तोंड सुजलंय तुझं."

"सुजलंय? अगं, तेज आहे हे! तुझ्यासारखं सुकटीचं तोंड घेऊन फिरू का?"



सणाच्या दिवशी सगळेच गालांना पांढऱ्या भुकटीचा लेप लावतात. ताईने तो दोन्ही हातांना पार कोपरापर्यंत थापला होता. मला ते खटकलं, पण तेवढ्यात नाच सुरू झाला आणि ताई अशी नाचली की पंचांना दुसरी कुणी दिसेचना. गळ्यात विजेतीचा कापडी पट्टा पडला. तिने माईक ओढून घेतला.

"हे सगळं थोंगसायच्या सेटमुळे बरं का! कंबर म्हणून दुखत नाही माझी!"

टाळ्या पडल्या. काकांनी उभं राहून हात जोडले.

मग रिवाजाप्रमाणे आरोग्य केंद्रातली नर्स वन्निदा विजेतीच्या हातांवर सुगंधी पाणी ओतून आशीर्वाद घ्यायला पुढे आली. तिने वाटी कलती केली. पाणी ओघळलं आणि त्याच्याबरोबर लेपही ओघळला. खाली मनगटापासून कोपरापर्यंत काळेनिळे डाग होते, जांभळं चिरडल्यासारखे. वाटीची कड जिथे लागली, तिथलं कातडं कांद्याच्या पापुद्र्यासारखं निघालं.

"आजी, कुठे पडलात?"

"पडत्येय कशाला? हल्ली जरा काही लागलं की उमटतं. वय झालं."

वन्निदाने वाटी खाली ठेवली. तिने ताईचे गाल पाहिले, मान पाहिली. "सेट रोज घेता?"

"रोज."

"आजी, हे तेज नाही हो. त्यात स्टेरॉइड असतं. त्यानेच चेहरा फुगतो, कातडी पातळ होते, हाडं आतून पोकळ होतात. आणि दुखणं मारायच्या गोळ्या पोटात जखमा करतात. शौचाला काळं होतं का?"

ताईने मान खाली घालून हळूच होकार दिला.  तेव्हा मात्र मी धावत स्टेजवर चढले.

एवढ्या लोकांपुढे आपली शोभा झाली म्हणून ताई संतापली होती. कमरेला खोचलेल्या पिशव्या उपसून ती ओरडली, "जाऊ दे मसणात! आत्ता तळ्यात फेकते सगळ्या!"

"फेक!" मी म्हटलं.

वन्निदाने झटकन पिशव्या काढून घेतल्या. "दोघींनीही थांबा. एकदम बंद केलं तर जिवावर बेतेल. इतकी वर्षं बाहेरून आयतं मिळालं, म्हणून शरीर स्वतःचं स्टेरॉइड करायचं विसरलंय. घरात गडी ठेवला की घरधनी बसून खातो, तसं. डॉक्टर सांगतील तसं हळूहळू कमी करायचं. आजच इस्पितळात चला."

"आणि लावणी?" ताईचा आवाज एवढासा झाला. "गोळीशिवाय मला अंथरुणातून उठवत नाही गं, बुनलाय."

"मी करीन तुझी लावणी. वाकडी झाली तर बोंबलायचं नाही."

मग मी माईक घेतला. माझी भीड कधीच चेपलेली आहे. "पुढच्या रांगेतल्या बायांनो, जरा एकमेकींची तोंडं बघा."

त्यांनी पाहिलं. रांगच्या रांग गोल, तुकतुकीत. हसलं कुणीच नाही. काका उठून दुकानाकडे गेले आणि टांगलेल्या पिशव्या काढायला लागले.

ताईच्या पोटात जखम होती आणि तिच्यातून रक्त झिरपत होतं. आणखी उशीर झाला असता तर ताई हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले. पोट बरं झालं, पण गोळी कमी करता करता अख्खा पावसाळा गेला. ताई कण्हायची, रडायची, मला शिव्या घालायची. जरा चालता यायला लागल्यावर काठी टेकत बांधावर येऊन बसली आणि माझी लावणी बघून किंचाळली, "अगं, ही ओळ आहे की साप गेलाय?"

इतकं गोड मला कुणी कधी बोललं नव्हतं.

पुढच्या सोंगक्रानला ती हट्टाने पुन्हा स्पर्धेत उतरली. गाल बसलेले, सुरकुत्या पडलेल्या, नाचताना गुडघा कुरकुरत होता. शेवटचा नंबर आला. "खमफोंगची काय दशा झाली हो," बायका हळहळल्या.

घरच्या वडीलधाऱ्यांच्या हातांवर पाणी ओतायची वेळ आली, तेव्हा मी तिच्यासमोर बसले. हातांना लेप नव्हता. म्हातारे, रापलेले, अख्खे हात. मी मान वर केली तर समोर लांबुळका चेहरा आणि टोकदार हनुवटी.

"ताई, तू आईसारखी दिसतेस गं."

"म्हणजे सुकट?"

"हो, सुकट."

मला रडू आवरेना. सगळ्यांदेखत मी हमसून हमसून रडले आणि पाणी तिच्या हातांऐवजी मांडीवर ओतलं.

"पाणी तरी सरळ ओत," ताई म्हणाली.