कालचा पाव

उस्ताद तेहतीस वर्षं बेकरीच्या भट्टीसमोर उभे राहिले, आणि त्या तेहतीस वर्षांत त्यांच्या घरी ताजा पाव कुणीही खाल्ला नाही. यात कंजूषपणा अजिबात नव्हता. शिस्त होती. कंजूष माणसाला निदान अधूनमधून मोह तरी होतो.

नोकरी आणि लग्न एकाच महिन्यात झालं. बेकरीच्या कामगाराला रोज एक पाव फुकट मिळे, चांगला मोठा, हातभर लांब. नवी नवरी स्वयंपाकघरात आली त्या सकाळी डब्यात आदल्या दिवशीचा अर्धा पाव उरला होता. उस्ताद गरम पाव काखेत मारून घरी आले. नवरीने सुरी उचलली, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "आधी कालचा संपव. मग ताज्याला हात लाव."

कालचा संपेपर्यंत आजचा कालचा झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सासूबाई यथावकाश गेल्या, नवरीची काकू झाली, मुलगा झाला, शिकला, दूरच्या शहरात नोकरीला लागला. तो अर्धा पाव मात्र या घराच्या पुढेच चालत राहिला. बेकरीच्या सुट्टीनेही काही बिघडलं नाही, कारण सुट्टीचा पाव आदल्या दिवशीच मिळायचा. एकदा उस्तादांनी मुद्दाम पाव आणलाच नाही. काकूंना वाटलं, नोकरी गेली. त्या दिवशी त्या अर्धपोटी राहिल्या आणि अर्धा पाव उद्यासाठी शिल्लक टाकला.

आता यात दोष कुणाचा म्हणाल, तर उस्तादांचाच. पाव टिकवायचं शास्त्र काकूंना त्यांनीच शिकवलं होतं. गरम पाव गुंडाळायचा नाही, घाम सुटतो आणि बुरशी धरते. फ्रीजच्या कप्प्यात ठेवायचा नाही, लवकर वातड होतो. सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायचा, झाकण जरा सैल. कापलेली बाजू खाली. बेकरीच्या गिऱ्हाइकांना हे सगळं ते हौसेने सांगत. गिऱ्हाइकं मान डोलावत आणि घरी जाऊन पाव फ्रीजमध्ये कोंबत. काकूंनी मात्र एकेक अक्षर पाळलं. पावाला दुसऱ्या दिवशी बुरशी आली असती, तर या घराला कधीतरी ताजा पाव मिळाला असता. पण आलीच नाही.

भट्टीतून पाव निघाला की उस्ताद रोज एक फोडून बघत. कड दाताखाली कुरकुरली पाहिजे आणि आतला गर बोटाने दाबला की वर आला पाहिजे. म्हणजे ताजा पाव कसा लागतो हे घरात एकट्या त्यांनाच ठाऊक. बायकोने आपल्या हातचा पाव खाल्लेला नाही, हे दुःख सांगायचं तरी कुणाला? ऐकणारा म्हणणार, रोज तर खातात.

निवृत्तीच्या आदल्या संध्याकाळी काकू शेजारी गेल्या होत्या. उस्तादांनी डबा उघडला आणि उरलेला अर्धा पाव उभ्या उभ्या, पाण्याच्या घोटाबरोबर संपवला. वय बासष्ट. पोटाने रात्रभर तक्रार केली, पण डबा रिकामा झाला.

शेवटच्या दिवशी पीठ त्यांनी स्वतः मळलं, भट्टीत स्वतः सरकवलं, कुणाला हात लावू दिला नाही. निरोपाचा हार घालायला मालक यायचे होते. त्यांची वाट न बघता उस्ताद निघाले. हार थांबतो, पाव निवतो.

काकू रिकाम्या डब्यासमोर उभ्या होत्या.

"अहो, कालचा कुठे गेला?"

"खाल्ला मी."

"अर्धा पाव? एकट्याने?"

"भूक होती. हा बघ, आत्ता काढलाय. बस, कापतो."

काकूंनी पाव हातात घेतला आणि वास घेतला. डोळे मिटले त्यांनी, हे उस्तादांनी स्वतः पाहिलं. मग त्यांनी तो जाळीवर ठेवला.

"उद्यापासून येणार नाही ना पाव?"

"नाही."

"मग हा आज कसा संपवायचा? मुलगा येतोय महिनाअखेरीला. तुमच्या हातचा शेवटचा. त्याला ठेवू या, फ्रीजरमध्ये."

"अगं, एक तुकडा तरी तोंडात घाल."

"मोडलेला पाव ठेवायचा होय पोरापुढे?"

"आपला पोरगा काय पाहुणा आहे?"

"तीन वर्षांनी येतोय," काकू म्हणाल्या. "म्हणजे पाहुणाच."

उस्तादांनी सुरी परत ठेवली. गरम पाव गुंडाळायचा नाही, हा नियमही त्यांचाच. म्हणून दोन तास तो पाव जाळीवर निवत पडला आणि नवराबायको त्याच्यासमोर बसून चहाबरोबर कपाटातली जुनी बिस्किटं खात राहिले. बिस्किटंही आधी संपवायला हवीच होती.

महिनाअखेरीला मुलगा आला, सूनबाई आली. सोबत मोठ्या दुकानातला पावाचा पुडा होता, आधीच कापलेला.

"बाबा, हा दहा दिवस राहतो," सूनबाई म्हणाली. "बाहेर ठेवला तरी."

उस्तादांनी चष्मा लावून पुड्याची मागची बाजू वाचली. बरीच मोठी यादी होती. पीठही होतं त्यात.

काकू फ्रीजरकडे वळल्या. "बाबांच्या हातचा शेवटचा पाव ठेवलाय रे तुला."

"नको गं आई," मुलगा हसत म्हणाला. "लहानपणी इतका शिळा पाव खाल्लाय की बाबांच्या पावाचं नाव काढलं तरी दाढ दुखते. त्यांनी कधी एक ताजा नाही आणला घरी."

उस्तादांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

दोन दिवसांनी मुलं गेली. पुडा जवळजवळ भरलेलाच मागे राहिला. सकाळी उस्ताद त्याला हात लावणार, तर काकू म्हणाल्या, "थांबा. आधी तुमचा संपवू."

पाव रात्रीच बाहेर काढून ठेवलेला होता. उस्तादांनी त्यावर पाण्याचा हात फिरवला, ओव्हनमध्ये गरम केला, तेहतीस वर्षांत जे जे शिकले होते ते सगळं केलं. कापताना सुरीखाली भुगा पडला, तेव्हाच त्यांना कळलं. त्यांनी पहिला तुकडा काकूंच्या ताटलीत ठेवला.

काकू सावकाश चावत राहिल्या. अगदी मन लावून.

"अगदी ताजा लागतो हो."

उस्तादांनी आपला तुकडा चावला. कड वातड होती, गर कोरडा.

"हो," ते म्हणाले. "असाच लागतो."

काकू समाधानाने उठल्या. उरलेला अर्धा पाव त्यांनी कापलेली बाजू खाली करून फडक्यात गुंडाळला, डब्यात ठेवला आणि झाकण जरा सैल लावलं. पुडा डब्याच्या मागे उभा केला.

"हा उद्याला होईल," त्या म्हणाल्या.