कागदावर अविवाहित

शुक्रवार, १८ सप्टेंबर २०२०. सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी टोरोंटोच्या विमानतळावर, सात नंबरच्या खिडकीशी, ओझिओमा अनिग्बोगूला विचारण्यात आलं, "वैवाहिक स्थिती?"

"विवाहित," ती म्हणाली.

काचेपलीकडच्या अधिकाऱ्याने कागदावर खूण करायला पेन टेकवलंच होतं. ते त्याने उचललं. कागदावर छापलं होतं: अविवाहित. त्याच कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मुदत छापली होती: १८ सप्टेंबर २०२०.

कॅनडात कायमचं राहण्याची तिला मिळालेली मंजुरी फेब्रुवारीतली. काम एवढंच उरलं होतं, की मुदतीच्या आत येऊन उतरायचं, अधिकाऱ्याच्या चार-पाच प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि त्याच्या डोळ्यांदेखत सही करायची. सही झाली की ती इथली रहिवासी. तिकीट २७ मार्चचं होतं. २३ मार्चला नायजेरियाने परदेशी विमानं बंद केली.

ओझिओमा तेहतीस वर्षांची. एनुगू शहरातल्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती तपासनीस होती. गोळ्यांच्या बॅचवर तिची सही झाल्याशिवाय माल बाहेर पडत नसे. मालकाच्या भाच्याने एकदा सहीसाठी घाई केली, तेव्हा तिने त्याला त्याच बॅचमधल्या दोन गोळ्या आणि ग्लासभर पाणी दिलं होतं. त्याने घेतल्या नाहीत. तिनेही सही केली नाही.

तिच्या होणाऱ्या नवऱ्याचं, तोबेन्नाचं, इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या दुरुस्तीचं दुकान होतं. दोघांचं चार वर्षांपासून ठरलेलं होतं, आणि बेतही ठरलेला होता. आधी तिने जाऊन सही करायची, मग परत येऊन लग्न, मग त्याचा अर्ज. सहीच्या आधी लग्न केलं तर नवऱ्याचं नाव कळवावं लागतं, त्याची तपासणी होते, आणि सगळा कागद पुन्हा साहेबाच्या टेबलावर जातो. अर्ज केलेल्या प्रत्येकाला हे पाठ असतं.

जुलै संपेपर्यंत विमानांचा पत्ता नव्हता. मुदत संपणार हे तिने धरूनच ठेवलं होतं. एका रविवारी ती तोबेन्नाला म्हणाली, "त्या कागदासाठी मी लग्न थांबवलं. कागद तर काही माझ्यासाठी थांबत नाहीये."

"मग?"

"मग काय? ताडी सांगून ठेव."

आठ ऑगस्टला उदीजवळच्या तिच्या गावी लग्न झालं. पन्नासच माणसांना परवानगी होती. आली एकशे चाळीस, आणि मोजायला पाठवलेला पोलीस पहिल्याच पंगतीत जेवायला बसला. वडील नव्हते, म्हणून भावकीतले सर्वांत थोरले सिल्वानुस काका पुढे झाले. त्यांनी पेल्यात ताडी ओतून तिच्या हातात दिली. तिथल्या रिवाजात लग्न लागतं ते याच पेल्याने. नवरा गर्दीत लपून बसतो, नवरी पेला घेऊन त्याला शोधते, आणि वाटेत प्रत्येक बाप्या तिला आपल्याकडे ओढायला बघतो.

या वेळी सगळ्यांच्या तोंडावर मास्क होते, तेही वऱ्हाडाच्या हिरव्या कापडातून एकाच शिंप्याने शिवलेले. एकशे चाळीस हिरवी तोंडं.

"ओझिओमा, इकडे! त्याच्या दुकानात नुसत्या मेलेल्या बॅटऱ्या!"

"अगं, मी उंच आहे, मला घे!"

"तू आधी घरी बायकोला विचारून ये," तिने त्याला सुनावलं, आणि बायका हसून हसून वाकल्या.

तोबेन्ना शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. डाव्या अंगठ्यावरच्या सोल्डरिंगच्या चटक्याच्या खुणेवरून तिने त्याला ओळखलं. तिने गुडघे टेकले, एक घोट घेतला, पेला त्याच्यापुढे धरला. त्याने मास्क हनुवटीवर ओढून पेला रिकामा केला. लग्न झालं.

नऊ दिवसांनी बातमी आली: परदेशी विमानं पुन्हा सुरू होणार.

सिल्वानुस काका निवृत्त होण्याआधी एकतीस वर्षं न्यायालयात लग्नांच्या नोंदी लिहीत होते. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी तिला आणि तोबेन्नाला समोर बसवलं.

"पोरी, तिथे विचारतील तेव्हा कागदावर आहे तेच सांगायचं. अविवाहित."

"काका, पेला तुम्हीच भरलात."

"भरला. पण नोंद झालीय का? नाही. नोंद नाही म्हणजे सरकारदरबारी लग्न नाही. आधी सही करून ये. डिसेंबरात मी तुमची कचेरीत नोंद करून देतो, लग्नाची तारीख डिसेंबरची. मग याचा अर्ज कर. कोणाच्या बापाला कळणार नाही."

"कळलं तर?"

कळलं तर काय, ते तिघांनाही माहीत होतं. सहीच्या वेळी जो नवरा लपवला, त्याला पुढे बायकोच्या नावावर आणता येत नाही.

"मला कळण्याची भीती नाही," ओझिओमा म्हणाली. "तुम्ही माझ्या लग्नात दोन वेळा बोकड वाढून घेतला, काका. तेव्हा लग्न होतं. आता काउंटरवर ते नव्हतं म्हणायचं?"

"अगं, बोकड हा साक्षीदार नसतो!"

"तुम्ही आहात की."

तोबेन्ना तेवढ्यापुरता हसला. मग म्हणाला, "ओझी, चार महिने मी नवरा नसलो तरी मला चालेल. खरंच. मी कुठे पळून जातोय?"

"तुला चालेल. मला नाही चालत."

"हट्टी आहेस."

"ते तू पेला पिण्याआधी बघायचं होतंस."

विमान आदिस अबाबामार्गे होतं. आदिसला उतरल्यावर फोनवर काकांचा आवाज रेकॉर्ड होऊन आलेला होता, चार मिनिटांचा. तिने पहिलं अर्धं मिनिट ऐकलं. काका कलमांचे आकडे सांगत होते. तिने फोन बंद केला.

सात नंबरच्या खिडकीतल्या अधिकाऱ्याच्या छातीवर पेलेटिए असं नाव होतं. पन्नाशीचा माणूस, मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरत होती आणि तो दर दोन मिनिटांनी चष्मा पुसत होता.

"लग्न कधी झालं, मॅडम?"

"आठ ऑगस्टला."

"प्रमाणपत्र आहे?"

"नाही. नोंद केलेली नाही. दोन्ही घरच्या भावकीसमोर झालं."

पेलेटिएने चष्मा पुसला. मागे रांग होती. जमिनीवर सहा-सहा फुटांवर पट्ट्या मारल्या होत्या आणि प्रत्येक पट्टीवर कोणीतरी उभं होतं.

"मॅडम, नोंद नाही, प्रमाणपत्र नाही," तो सावकाश म्हणाला. "कधीकधी लोक लांबच्या प्रवासाने थकलेले असतात, प्रश्न नीट कळत नाही. हवा तर मी पुन्हा विचारतो. कायद्याने आज तुम्ही..."

"प्रश्न कळला मला. तुम्ही विचारा, उत्तर हेच आहे."

"याचा परिणाम माहीत आहे?"

"तुमच्या माहितीपुस्तिकेच्या तेराव्या पानावर आहे. मी वाचलंय."

"मग आधी कळवायला हवं होतं."

"विमानं सुटणार कळल्याच्या दुसऱ्या दिवशी कळवलं. अठरा ऑगस्ट." तिने फाइलीतून छापील प्रत काढून काचेला टेकवली. "हे तुमचं उत्तर आलं. 'साथीमुळे उत्तरास विलंब होईल.' पुढचं उत्तर अजून यायचंय."

त्याने ते काचेतून वाचलं, मग पुन्हा वाचलं.

मागच्या पट्टीवर एक जाडजूड बाई नवऱ्यासह उभी होती. तिघांच्या वाटचं सामान दोघांत वाटून घेतलेलं. विमानात ती ओझिओमाच्या मागच्याच रांगेत होती; बेनेडिक्टा आंटी, ओवेरीची. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"अगं बाई," ती दोघींच्या भाषेत, मास्कमधूनही ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "खरं बोलायचा नवस फेडायला हाच काउंटर सापडला तुला? सही कर आणि चर्चमध्ये जाऊन काय ते सांग!"

"आंटी, तुमचा नवरा शेजारी उभा आहे," ओझिओमा वळून म्हणाली. "तो तुमचा नवरा नाही, असं म्हणून दाखवा एकदा."

आंटीच्या नवऱ्याने छताकडे पाहिलं. "म्हणेल ती," तो म्हणाला, "बॅगा उचलून झाल्यावर."

नऊ वाजून एकतीस मिनिटांनी पेलेटिए कागद घेऊन आत गेला. ओझिओमाला भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसवण्यात आलं. एकाआड एक खुर्चीवर पिवळी पट्टी चिकटवलेली होती. तिच्या दोन बॅगा एका शिपायाने आणून शेजारी ठेवल्या.

साडेअकराला तो परत आला. नियम असा निघाला, की नवरा आहे म्हटल्यावर त्याची वैद्यकीय आणि पोलीस तपासणी झाल्याशिवाय या कागदावर आज सही होऊ शकत नाही. आणि कागद आज संपतो. त्याने एक फॉर्म काचेखालून सरकवला.

"तुम्ही प्रवेशाचा अर्ज स्वतःहून मागे घेताय, एवढंच यात आहे. सही केलीत तर तुमच्या नावावर नकार लागत नाही. रविवारच्या विमानाने परत जाल. पुढे नव्याने अर्ज करता येईल."

"नव्याने म्हणजे किती वर्षं?"

"ते मी सांगू शकत नाही."

"मागच्याला तीन लागली." तिने फॉर्म वाचून काढला, दोन्ही बाजू. मग तो परत सरकवला. "यात लिहिलंय, की मी माझ्या इच्छेने परत जातेय. माझी तशी इच्छा नाही. खोटं लिहिलेल्या कागदावर मी सही करत नाही."

"मॅडम, मी मदत करायचा प्रयत्न करतोय."

"माहीत आहे. तुम्ही सकाळीही केलात. साहेब, माझ्या देशाने विमानं बंद केली, तुम्ही दारं बंद केलीत. सहा महिने मी घरी बसले, तक्रार केली नाही. पण त्या सहा महिन्यांत मी जगायची थांबले नव्हते. ते तुमच्या कागदात बसत नसेल, तर कागदात जागा करा. नकार द्यायचा तर तुम्ही द्या, तुमच्या सहीने."

पेलेटिएने फॉर्म उचलला, घडी न घालता. "वरिष्ठ दोनला येतात," तो म्हणाला.

दोन वाजून पाच मिनिटांनी तिला एक फोन करू दिला. एनुगूत संध्याकाळचे सात वाजले होते.

"सांगितलंस?" तोबेन्नाने विचारलं.

"सांगितलं."

पलीकडे जनरेटरची घरघर होती. तो दुकानातच होता.

"मग आता मी तुझा अधिकृत नवरा आहे, आणि तू अधिकृतपणे कुठेच नाहीस," तो म्हणाला.

"एका खुर्चीवर आहे. डाव्या-उजव्या खुर्च्या रिकाम्या ठेवल्यात."

"जेवलीस?"

"एक बिस्कीट."

"काका इथेच बसलेत. सकाळपासून."

फोन काकांच्या हाती गेला. ते ओरडतील म्हणून ती वाट पाहत होती.

"त्यांना साक्षीदार लागला तर," काका म्हणाले, "माझं प्रतिज्ञापत्र उद्या सकाळी होईल. शिक्क्यासह. पेला मी भरला, असं लिहितो."

"काका, मुदत आज संपते."

"ते मला कळतं. तरी लिहितो."

वरिष्ठ बाई होत्या. पावणेतीनला त्यांनी ओझिओमाला आत बोलावलं आणि सकाळचेच सगळे प्रश्न पुन्हा विचारले. उत्तरं तीच आली. विलगीकरणाचे चौदा दिवस कुठे काढणार, हेही विचारलं. हॅमिल्टनला तळघरातली खोली महिन्याच्या भाड्याने घेतलेली होती. घरमालकिणीचं पत्र फाइलीत होतं, जेवण दाराबाहेर ठेवायच्या वेळांसह. बाईंनी ते पत्र बाजूला काढून ठेवलं. अठरा ऑगस्टच्या पत्राची प्रत मात्र दोनदा मागून घेतली. तुमच्यासारखा मामला या साथीत माझ्यापुढे पहिलाच आहे, असं त्या म्हणाल्या आणि फोन करायला उठल्या.

चारला बेनेडिक्टा आंटी आणि तिचा नवरा सामानाची गाडी ढकलत समोरून गेले. त्यांच्या एका पिशवीचं काहीतरी सकाळपासून तपासलं जात होतं. आंटी थांबली. केळ्याच्या तळलेल्या चकत्यांचं पाकीट तिने पिवळ्या पट्टीच्या खुर्चीवर ठेवलं.

"मूर्ख आहेस तू," ती म्हणाली. "खाऊन घे."

सहा वाजता पाळी बदलली. पेलेटिए कोट चढवून गेला. जाताना त्याने फाइल नव्या अधिकाऱ्याला दिली आणि दोन मिनिटं काही सांगितलं. नवी अधिकारी तरुण मुलगी होती. तिने फाइल पहिल्या पानापासून वाचली. सहा वाजून चौतीस मिनिटांनी तिने ओझिओमाला खिडकीशी बोलावलं.

"नवऱ्याचं पूर्ण नाव?"

ओझिओमाने सांगितलं. जन्मतारीख सांगितली, पत्ता सांगितला. मुलीने ते एका कोऱ्या कागदावर लिहून घेतलं आणि खुर्चीवर बसायला सांगितलं.

सहा वाजून चाळीस मिनिटांपर्यंत अर्ज मागे घेण्याचा फॉर्म आणि मंजुरीचा कागद, दोन्हींवर सहीची जागा कोरी होती. वरिष्ठ बाई फोनवर होत्या. नवऱ्याच्या नावाचा कागद फाइलीत लावायचा की नाही, हे ठरलं नव्हतं.