तारेच्या या टोकाला

"अहो, बोला ना," मैदानाच्या मधोमध उभ्या लताबाई म्हणाल्या. "मी दर रविवारी काय ओरडायचे, विसरलात?"

सावळीराम विमानाच्या शेपटीशी उकिडवे बसले होते. विसरले नव्हते, पण शेपटीची पट्टी वर गेली की खाली, ते ओरडायची पाळी त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

तारेवरचं छोटं विमान मधे उभं राहून उडवतात. उडवणाऱ्याच्या हातात मूठ, मुठीपासून विमानापर्यंत दोन बारीक तारा. मूठ वर कलवली की शेपटीची पट्टी वर होते आणि विमान चढतं. तेवढा वेळ माणसानं विमानाबरोबर गरगर फिरायचं. लग्नापासून हे फिरणं सावळीरामांचं आणि विमान धरून सोडणं लताबाईंचं. प्रेसमधली ड्यूटी आटोपून ते रात्री हलकं बाल्सा लाकूड तासत बसायचे. रविवारी शेजारणी बाजाराला निघाल्या की लताबाई पदर खोचून नाशिक रोडच्या या मैदानावर यायच्या.

उन्हाळ्यात सावळीरामांना चक्करेनं गाठलं. कूस बदलली तरी खोली फिरायची. डॉक्टरांनी गोल फिरणं बंद केलं तेव्हा हे निळं विमान अर्धंच झालं होतं. सावळीरामांनी ते हट्टानं पुरं केलं. हात आता थरथरत होते, यापुढे दुसरं होणार नव्हतं. ते माळ्यावर ठेवायला निघाले तशा लताबाई म्हणाल्या, "मी उडवते."

"आणि आपटलंस तर?"

"तुम्ही कधी आपटलं नाही?"

म्हणून आज मूठ लताबाईंच्या हातात होती आणि सावळीराम शेपटीशी.

"हं, वर करतेय बघा," लताबाईंनी मूठ कलवली.

सावळीरामांनी पट्टीकडे पाहिलं. ती खाली झुकली होती. "खाली! लता, मूठ उलटी आहे."

मूठ त्यांनीच तिच्या हातात दिली होती. तसंच सोडलं असतं तर विमान नाकावर आपटून त्याचा चुरा झाला असता. लताबाईंनी मूठ फिरवली. त्यांच्या 'खाली'वर आपणही कितीदा अशीच मूठ फिरवली आणि विमान त्यांच्यामुळे वाचलं असं कधी म्हटलं नाही, हे सावळीरामांना आठवलं आणि लाज वाटली.

इंजिन सुरू झालं. त्यांनी विमानाचं नाक वर धरलं. लताबाईंनी कान देऊन चिमूट दाखवली: आवाज अजून जाड आहे, थोडा बारीक करा. त्यांनी इंधनाची सुई किंचित पिळली. लताबाईंनी मान डोलावली.

"मनगट हलवू नकोस, सगळा हात!" असं ओरडून त्यांनी विमान सोडलं आणि मागे सरून वर्तुळाबाहेर बसले.

विमान डुचमळलं, सावरलं. कोलांट्या नव्हत्या, नुसत्या साध्या फेऱ्या. स्वतः उडवताना सावळीरामांना विमान कायम समोरच दिसायचं, फिरायचं ते भोवतालचं जग. आज ते पहिल्यांदाच पलीकडच्या कडुलिंबापर्यंत लांब गेलेलं दिसलं, आणि परत आलेलंही. लताबाई इतकी वर्षं हेच बघत बसल्या होत्या.

इंधन संपलं. विमान हलकेच उतरून गवतात थांबलं. लताबाई मात्र दोन पावलं तिरक्या गेल्या आणि मटकन खाली बसल्या. सावळीराम विमानाकडे न बघता त्यांच्याकडे धावले.

"सगळं मैदान फिरतंय हो."

"डोळे मीट. थांबेल आपोआप." त्यांनी मागून तिचे दोन्ही खांदे घट्ट पकडले. "मी धरलंय."

लताबाईंनी डोळे मिटले. मांडीवर मूठ तशीच होती, वरची बाजू वर करून धरलेली.