समोरची खुर्ची

"परवा चालेल का?" फोनवर प्राध्यापक विचारत होते. "आकडे एकदा नीट बघायला हवेत."

"सर, चर्चा आज संध्याकाळी सातला आहे," ती म्हणाली.

"मग राहू द्या. अर्धवट माहितीवर बोलणं बरं नाही."

तिने फोन ठेवला. कर्मचारी संघटनेच्या सरचिटणीसांचा फोन तर सकाळपासून बंदच होता. वृत्तवाहिनीवरच्या चर्चेसाठी रोज पाहुणे गोळा करणं हे तिचं काम, म्हणून ऑफिसात तिला सगळे जमवाजमव म्हणत. दोन खुर्च्यांपैकी एकीची चिंता तिला कधीच नसे. आर्थिक धोरणांचा अभ्यास करणाऱ्या एका बड्या संस्थेतले संशोधक पहिल्या रिंगला फोन उचलत, स्वतःच्या गाडीने येत आणि दोन वाक्यांत मुद्दा संपवत. तिने त्यांचं नाव हजरसाहेब ठेवलं होतं. शिवाय संस्थेकडून रोज सकाळी विषयाचं टिपण येई, त्यात अँकरने विचारायचे प्रश्नसुद्धा तयार असत. ती ते उचलून अँकरच्या पडद्यावर चढवून टाके. दिवसभर फोन करून घसा बसलेल्या माणसाने आयतं मिळालेलं का सोडावं?

आजचा विषय मात्र तिच्या घरातलाच होता. छोटी सरकारी आरोग्य केंद्रं बंद करून खर्च वाचवावा, असा संस्थेचा अहवाल आला होता आणि सरकार याच आठवड्यात निर्णय घेणार होतं. तिची थोरली बहीण त्यातल्याच एका केंद्रात नर्स होती. दोघी आईसोबत राहत, आणि आईचं औषधपाणीही त्याच केंद्रातलं.

"तुझी ताई नर्स आहे ना?" संपादक तिच्या टेबलाशी येऊन म्हणाले. "तिलाच बसव समोर. खरीखुरी माणसं आवडतात लोकांना."

"तिला टीव्हीची सवय नाही, सर."

"मग एकट्या साहेबांना बसवू. माझं काय जातंय?"

हजरसाहेबांसमोरची खुर्ची माणसाचं काय करते, हे धाकटी रोज काचेआडून बघत होती. पण ती रिकामी राहिली तर केंद्राच्या बाजूने बोलायला कोणीच नव्हतं. तिने फोन लावला.

"येते की," ताई म्हणाली. "इतकी वर्षं तिथे काढली, दोन शब्द बोलता येणार नाहीत होय मला?"

ताई इस्त्रीचे कपडे घालून, केस चापूनचोपून बांधून आली. मेकअपच्या खोलीत हजरसाहेब तिला बघून उठून उभे राहिले. त्यांनी तिला पाणी दिलं, माइक कुठे लावतात ते दाखवलं. "घाबरू नका, गप्पाच मारायच्यात आपल्याला," ते म्हणाले. माणूस तुसडा असता तर धाकटीला जरा बरं वाटलं असतं.

ती धावत आपल्या जागेवर गेली. सकाळी चढवलेले प्रश्न तसेच होते. तिसरा प्रश्न होता, 'पण यासाठी पैसे आणायचे कुठून?' त्याने भलेभले गार झालेले तिने पाहिले होते. तिने तो खोडला आणि त्या जागी लिहिलं, 'तुमच्या केंद्रात कोण कोण येतं?' संपादकांना कळलं असतं तर नोकरीवरच गदा आली असती.

सात वाजले. ताईने सुरुवात छान केली. इन्शुलिन टोचून घ्यायला येणारे म्हातारे, मोठ्या दवाखान्यापर्यंत जाणं न झेपणाऱ्या गरोदर बायका, सगळं ती घरात सांगते तसं सांगत होती. अँकर मान डोलवत होता. मग तो पडद्याकडे न बघताच ताईकडे वळला.

"हे सगळं खरंय हो. पण यासाठी पैसे आणायचे कुठून?"

धाकटीने पडद्याकडे पाहिलं, तिथे तिने लिहिलेला प्रश्न तसाच होता. बस असो, शाळा असो, पेन्शन असो, गेले कित्येक महिने तो रोज हेच विचारत होता. प्रश्न त्याच्या तोंडात बसला होता, आणि तो बसवला होता तिनेच.

ताई अडखळली. "ते... ते मला कसं सांगता येईल?"

"नेमकी हीच अडचण आहे," हजरसाहेब हळुवारपणे म्हणाले. "ताईंच्या भावना मी समजू शकतो." उरलेला सगळा वेळ मग तेच बोलले.

परतताना बसमध्ये ताई खिडकीबाहेर बघत बसली. मी तो प्रश्न काढला होता गं, असं धाकटीला सांगायचं होतं, पण जीभ रेटत नव्हती.

"कपडे तरी बरे दिसत होते का?" ताईने विचारलं.

"छान दिसत होते."

घरी आई टीव्हीसमोरच बसली होती. "बघितलं हो मी सगळं," ती कौतुकाने म्हणाली. "छान बोललीस. तो साहेबही बरा वाटला माणूस." मग जरा थांबून म्हणाली, "पण खरंच गं, एवढे पैसे आणायचे तरी कुठून?"

धाकटीला रडू आवरेना. ती तोंड फिरवून टीव्ही बंद करायला गेली. ताई हात धुऊन आली, कपाटातून रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं आणि आईच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

"नाही, मी काय म्हणते..." आईने पुन्हा सुरुवात केली.

"आता जरा गप्प बस, आई," ताई म्हणाली. "बोललीस की प्रेशर जास्त दाखवतं."

आई गप्प बसली. ताई कानात स्टेथोस्कोपच्या नळ्या घालून, मान खाली घालून ऐकत राहिली.