वीस मिनिटांची कोंबडी

टर्रर्र… ओट्यावरची कोंबडी वाजली आणि इतका वेळ गप्प बसलेलं घर दचकलं.

कोंबडी खरी नव्हे. पिवळ्या प्लॅस्टिकचं, मान पिळली की टिकटिकायला लागणारं, स्वयंपाकघरात वेळ लावायचं घड्याळ. त्याची मान आईनं बरोबर वीस आकड्यावर आणून ठेवली होती.

"झाली वीस मिनिटं. बटणं आवर आता. दुसरं काहीतरी खेळ."

पिटुकलीनं मान वर केली नाही. साडेचार वर्षांची ती पोर फरशीवर पालथी पडून जुन्या डब्यातली बटणं लावत होती. दोन भोकांची एका रांगेत, चार भोकांची दुसऱ्या रांगेत. हातात एक तीन भोकांचं बटण होतं आणि ते कुठल्या रांगेत घालावं हे काही केल्या ठरत नव्हतं.

"थांब ना. माझं झालं नाहीये."

"अगं, लक्ष वीसच मिनिटं टिकतं. नंतर डोकं दमतं."

"माझं नाही दमलं," पिटुकली म्हणाली आणि बटण उलटं करून बघू लागली.

आईचा हा हट्ट उगाच नव्हता. लहान मुलांचं वर्गात लक्ष किती वेळ टिकतं, हाच तिच्या प्रबंधाचा विषय. गेली सहा वर्षं, त्यातली दोन पिटुकलीच्या दुपट्यांत गेली, ती हेच करत होती. पदवी अजून मिळायची होती, पण घरात आणि जिन्यात सगळे आधीच तिला 'डॉक्टरबाई' म्हणत. वरच्या मजल्यावरचे आजोबा तर एकदा खोकल्याचं औषध विचारायला आले होते. येत्या गुरुवारी समितीपुढे शेवटचं सादरीकरण होतं. ते पार पडलं की प्रबंध जमा. नाही पार पडलं, तर आणखी सहा महिने.

सादरीकरण कसं करावं हे शिकायला डॉक्टरबाई इंटरनेटवर गेल्या आणि तिथेच सगळा घोळ झाला. एक म्हणे, स्लाइडवर सहाच ओळी असाव्यात. दुसरा म्हणे, ओळी नकोतच, चित्र घाला. एकानं बजावलं होतं, सुरुवात विनोदानं करा. दुसऱ्यानं बजावलं होतं, परीक्षकांपुढे चुकूनही विनोद करू नका. काळी पार्श्वभूमी, पांढरी पार्श्वभूमी, उभं राहा, हिंडत राहा, हात हलवा, हात बांधा. संगणकाच्या पडद्यावर बत्तीस खिडक्या उघड्या होत्या, आणि कोणती कशासाठी उघडली होती हे एकीबद्दलही सांगता आलं नसतं. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. वीस मिनिटांच्या वर बोलू नका, कारण माणसाचं लक्ष तेवढंच टिकतं. आपलाच विषय असा सगळीकडे भेटतोय म्हणून डॉक्टरबाईंना जरा बरं वाटलं.

त्याच दुपारी संदर्भांची यादी आपोआप लावून देणाऱ्या सॉफ्टवेअरनं एका ओळीपुढे लाल खूण केली. बाकी एकशे शहाऐंशी संदर्भ शिस्तीत उभे होते. या एकाच्या अंगाला काहीतरी चिकटलं होतं. 'पान क्रमांक नाही.'

संदर्भ साधासुधा नव्हता. वीस मिनिटांचा जो शोध, त्याचंच ते मूळ, एका संशोधिकेची खूप जुनी पुस्तिका. डॉक्टरबाईंनी तो मार्गदर्शक सरांच्या लेखातून उचलला होता. उचलला म्हणजे काय, एक बटण दाबलं आणि तो आला. त्यांनी दुसऱ्या लेखांत पाहिलं. एकात पान अठ्ठेचाळीस, एकात एकशे बारा, आणि एकात तर संशोधिकेचं आडनावच वेगळं.

संध्याकाळी नवरा कामावरून आला. तो लिफ्टची तपासणी करणारा माणूस, हात नेहमी ग्रीसनं काळे. त्याला त्यांनी सगळं सांगितलं.

"मग टाक ना एखादा आकडा," तो हात धुता धुता म्हणाला. "अठ्ठेचाळीस बरा दिसतो. एकशे बारा म्हणजे उगाच भपका."

डॉक्टरबाई हसल्या. पण आकडा काही त्यांच्यानं टाकवेना. टाकला तरी काय बिघडणार होतं, हेही त्यांना सांगता येईना.

मंगळवारी पिटुकलीचं बोट धरून त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेल्या. तिथल्या ग्रंथपाल बाई निवृत्तीला आलेल्या. एक चष्मा नाकावर, एक कपाळावर, आणि दोन्ही असताना 'माझा चष्मा कुठाय' म्हणून शोधाशोध. मुलं त्यांना 'दोन चष्मे' म्हणत. डॉक्टरबाईंना वाटलं, बाई आता कपाटांच्या रांगांत घेऊन जातील आणि धूळ झाडतील. बाईंनी खुर्ची ओढून संगणक पुढ्यात घेतला.

"कोणी कोणाचा आधार घेतलाय ते इथे मागे मागे जाऊन दिसतं. तू कधी पाहिलं नाहीस?"

नव्हतं पाहिलं. यादी करायचं साधन तेवढं माहीत होतं. बाई एकेक पायरी उतरू लागल्या. डॉक्टरबाईंनी सरांचा आधार घेतला होता. सरांनी शिक्षकांसाठीच्या एका हस्तपुस्तिकेचा, हस्तपुस्तिकेनं एका अहवालाचा, अहवालानं दुसऱ्या अहवालाचा. बारा पायऱ्या झाल्या. एकाही पायरीवर कोणी ते मूळ पान उघडून पाहिल्याची खूण नव्हती. प्रत्येकानं आधीच्याचं वाक्य घेतलं होतं, आधीच्यानं त्याच्या आधीच्याचं. शेवटी दूरच्या एका ग्रंथालयात पुस्तिकेची एकच प्रत असल्याचं दिसलं. बाईंनी तिथल्या ओळखीच्या माणसाला, सगळीच पानं स्कॅन करून पाठव, म्हणून निरोप टाकला.

"पण बाई, एवढे लोक चुकतील का?" डॉक्टरबाई म्हणाल्या. खरं तर त्या स्वतःलाच विचारत होत्या.

"चुकलेत असं मी कुठं म्हणतेय? मी म्हणतेय, कोणी बघितलेलं नाही." बाईंनी नाकावरचा चष्मा कपाळावर आणि कपाळावरचा नाकावर घेतला. "हे बघ, साधनांशी माझं भांडण नाही. मी तर दिवसभर त्यांच्यातच असते. पण वाण्याच्या सामानाची यादी केली म्हणजे स्वयंपाक झाला का? तुझ्या यादीत एकशे सत्त्याऐंशी नावं आहेत. खरं सांग, वाचलीयेस किती?"

पिटुकली खुर्च्यांखाली काहीतरी मोजत होती, डॉक्टरबाई तिच्याकडे बघू लागल्या.

बुधवारी सकाळी पानं आली. पुस्तिका सगळी मिळून एकतीस पानांची. एकतीस पानांच्या पुस्तिकेचं अठ्ठेचाळिसावं पान! सगळ्या लेखांमधून, हस्तपुस्तिकांमधून, शाळांच्या परिपत्रकांमधून ते पान इतकी वर्षं हिंडत होतं, आणि ते कधी छापलंच गेलं नव्हतं.

वीस मिनिटं मात्र होती. एकोणिसाव्या पानावर. ती मुलांची नव्हतीच. सूतगिरणीत रिळं भरणाऱ्या बायकांची पाहणी होती ती. संशोधिकेनं लिहिलं होतं, निरीक्षणाचा एक तक्ता वीस मिनिटांत भरत असे, म्हणून दर वीस मिनिटांनी नवा कागद घ्यावा लागे. आणि खालच्याच ओळीत, त्या अवधीत किंवा त्यानंतरही कामगार स्त्रियांचं लक्ष ढळलेलं आढळलं नाही.

डॉक्टरबाईंनी ते पान चारदा वाचलं. वीस मिनिटांत लक्ष संपत नव्हतं. कागद संपत होता.

त्यांनी सरांना फोन लावला. सर आधी हसले, मग समजावणीच्या सुरात बोलू लागले. सगळेच तो संदर्भ देतात, माझ्याही लेखात आहे, त्यावर आजवर कोणी बोट ठेवलेलं नाही. एका प्रकरणासाठी सहा वर्षं पाण्यात घालू नका. "मॅडम, आधी पदवी पदरात पाडून घ्या. सुधारणा काय, पुढेही करता येतील."

माणूस वाईट नव्हता. अडचणीत तोच मुदत वाढवून द्यायचा, पिटुकलीच्या तापात त्यानंच रजा दिली होती. म्हणूनच तर डॉक्टरबाईंना काही सुचेना. सरांचं खरं मानावं तर बाई खोट्या ठरत होत्या, बाईंचं खरं मानावं तर सर. आणि दोघांचंही राहू दे, स्वतःची सहा वर्षं कुठे ठेवायची?

त्या संध्याकाळी नवऱ्यानं ताट वाढून ठेवलं, पण या जेवेनात.

"तू कधी न बघता सही केलीयेस?" त्यांनी मध्येच विचारलं. "लिफ्टच्या कागदावर?"

"आठ माणसं असं पाटीवर लिहिलेलं असतं, ते बघून? छे. मी वजनं चढवतो, वर नेतो, खाली आणतो, मग सही."

"पण आधीच्या माणसानं तपासलेलं असतं ना?"

"त्याच्या आधीच्यानंही तेच म्हटलं असेल तर?" तो पाणी प्यायला. "आणि लिफ्टमध्ये माणसं चढतात ग. कागदात कोण चढतं, ते मला माहीत नाही."

डॉक्टरबाईंना माहीत होतं. पिटुकलीच्या बालवर्गात दर वीस मिनिटांनी घंटा व्हायची. चित्र अर्धं, गोष्ट अर्धी, उठा. परिपत्रकात तसं लिहिलं होतं, आणि परिपत्रकाखाली सरांच्या लेखाचा दाखला होता. आणि घंटा कमी पडली म्हणून की काय, घरी त्यांनी कोंबडी आणली होती. किती वेळा अर्ध्यातून उठवलं आपण या पोरीला! तिनं कधी हाताला हिसका दिला की आपण म्हणायचो, बघ, दमलीस तू, चिडचिड करतेस.

गुरुवारी सभागृहात तीन परीक्षक, सर, मागे सातआठ संशोधक विद्यार्थी आणि अगदी शेवटी दोन चष्मे. वेळ वीस मिनिटं, असं सूचनापत्रकात ठळक छापलेलं. डॉक्टरबाईंनी वेळ कळावी म्हणून पिशवीतून कोंबडी काढली, मान पिळली, टेबलावर ठेवली. मागून कोणीतरी फिसकन हसलं. विनोदानं सुरुवात करावी की करू नये, हा प्रश्न असा परस्पर सुटला.

पहिल्या स्लाइडी नीट गेल्या. मग ती स्लाइड आली. तिच्यावर सहा ओळी नव्हत्या, चित्रही नव्हतं. त्या जुन्या पुस्तिकेचं एकोणिसावं पान होतं, तिरकं स्कॅन झालेलं, कडेला कुणाचा तरी अंगठा आलेला.

"हे पान मी कालपर्यंत वाचलं नव्हतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "प्रबंधात मात्र त्याचा आधार तीन वर्षांपूर्वीच घेतला होता."

सरांनी मान खाली घातली. डॉक्टरबाई बारा पायऱ्या एकेक करून उतरल्या. सरांची पायरी आली तिथे त्यांनी नाव घेतलं नाही, पण आपलं स्वतःचं घेतलं. सूतगिरणी आली, रिळं आली, भरलेला तक्ता आला, आणि तेवढ्यात टर्रर्र… कोंबडी वाजली.

त्या थांबल्या. सवयच ती. पण समोर कोणी हललं नव्हतं. कोणी घड्याळाकडे पाहिलं नव्हतं. मागचे विद्यार्थी पुढे वाकून पडद्यावरचा अंगठा आणि त्याखालची ओळ वाचत होते.

"त्या पक्ष्याला गप्प करा," मधल्या परीक्षक बाई म्हणाल्या, "आणि पुढं सांगा."

पुढं त्या आणखी पंचवीस मिनिटं बोलल्या.

निकाल जो लागायचा तो लागला. दुसरं प्रकरण नव्याने लिहा, मुलांच्या लक्षाची पाहणी पुन्हा करा, मुदत सहा महिने. टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. जिन्यात सरांनी त्यांना गाठलं. बराच वेळ ते कठड्यावरचं न दिसणारं काहीतरी पुसत राहिले.

"ते पान मला पाठवा," शेवटी म्हणाले. "मीही वाचलेलं नाही. माझ्या लेखाखाली दुरुस्ती टाकावी लागेल. आणि त्या शाळांना एक पत्र."

आता वाचकहो, तुम्ही म्हणाल, आपण कुठे प्रबंध लिहितो? नसेल लिहीत. पण 'कुठेतरी वाचलंय', 'सगळेच म्हणतात', 'मला आलं म्हणून पुढे पाठवलं', हे आपण दिवसातून कितीदा बोलतो? आपण जे न बघता पुढे देतो, त्यात कोणीतरी चढतं. कुणाचं औषध त्यावर ठरतं, कुणाचा वर्ग, कुणाचं बालपण. साधनं खुशाल वापरावीत. त्यांनीच ते एकतीस पानांचं सत्य दुसऱ्या दिवशी घरी आणून दिलं. पण शोधून देणं हे साधनाचं काम, आणि उघडून वाचणं हे आपलं. ते काम करून द्यायला आपल्यावाचून कोणी नाही. आणि न वाचता लिहिलं असेल तर तसं चारचौघांत सांगावं. लाज वाटते, पण लाजेनं कोणी मरत नाही. चुकीच्या पानावर मात्र पिढ्या वाढतात.

डॉक्टरबाई घरी आल्या तेव्हा पिटुकली फरशीवरच होती. त्यांनी कोंबडी पिशवीतून काढली, थोडा वेळ हातात धरली आणि मान न पिळता ओट्यावर ठेवून दिली. मग त्याही लेकीशेजारी पालथ्या पडल्या. आता दोन रांगांच्या मधोमध एक तिसरी रांग होती. तिच्यात एकच बटण होतं, तीन भोकांचं.

"कोंबडी नाही लावलीस?"

"नाही. वीस मिनिटांचं ते चुकीचं निघालं, बाळा. ते तुझं नव्हतंच."

पिटुकलीनं बटण उचललं, त्याच्या तीन भोकांतून एकेक करून आईकडे पाहिलं, आणि विचारलं,

"मग मी किती मिनिटांची आहे?"