धर्मा नाखव्याच्या होडीचा साचा

मी एक जुना साचा आहे. होडीचा साचा. लांबीला बैलगाडीच्या दुप्पट, बाहेरून खडबडीत आणि आतून आरशासारखा गुळगुळीत. मित्रांनो, मला स्वस्थ बसवत नाही, आणि बसण्यावाचून मला दुसरं काही येत नाही. हीच माझी सगळी गोची आहे. माझ्या पोटातून निघालेल्या होड्या समुद्रावर गेल्या, आणि मी आधी कोरेगाव भीमाच्या शेडमध्ये नि मग राहू गावातल्या गोठ्यात पडून राहिलो. समुद्र कसा असतो, हे मी तेव्हा विचारणार तरी कुणाला? म्हशीला?

जन्मापासून सांगतो. कोरेगाव भीमाला हायवेच्या कडेला सुरेखाताईंची फायबरच्या कामाची शेड होती. तिथं पाण्याच्या टाक्या व्हायच्या, मोटारीवरची झाकणं व्हायची, गुरांच्या गव्हाणी व्हायच्या. होडी तिथं कुणी स्वप्नातही पाहिली नव्हती. पण रायगडच्या किनाऱ्यावर मोठं वादळ झालं आणि एका कोळीवाडीतल्या होड्यांचा पार चुरा झाला. नव्या बांधायच्या, तर होड्या घडवणारे सुतार केव्हाच मुंबईला फर्निचरच्या कामाला लागलेले. त्या वेळी जपानमधला एक मच्छीमारांचा संघ मदतीला धावला. त्यांचंही गाव एकदा समुद्रानं नेलं होतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. त्यांची अट सरळ होती. होडी फायबरची, पण घडण वाडीच्या जुन्या होडीचीच. आणि ज्याला होडी मिळेल त्यानं बारीक भोकांचं जाळं वापरणं सोडायचं, मासळीच्या विणीच्या दिवसांत समुद्रात जायचं नाही, म्हणजे ओसरलेली मासळी परत येईल. काम फिरत फिरत सुरेखाताईंकडं आलं.

नमुन्यासाठी होडी हवी होती. वादळातून धड राहिलेली एकच होती, धर्मा नाखवा या म्हाताऱ्या कोळ्याची. त्यांच्या बापानं वापरलेली, डाव्या कुशीला फळीचं थिगळ असलेली. नाखव्यांनी 'परत देणार ना, बाय?' एवढंच विचारलं, आणि सुरेखाताईंनी शब्द दिला. मग शंभू नावाच्या ड्रायव्हरनं ती ट्रकमध्ये घालून ताम्हिणी घाट चढवून आणली. अहो, काय तिचा वास! कोरेगावातली झाडून सारी कुत्री शेडभोवती गोळा झाली.

आता होडीवरून साचा काढायचा म्हणजे होडीला आधी अस्तर देऊन लाकडाची भोकं बुजवायची, वर मेण चोळायचं, आणि त्यावर फायबरचे थर चढवायचे. वाळले की साचा टरफलासारखा सुटतो. पण ही सारी टाक्या करणारी मंडळी. त्यांना आयुष्यभर गुळगुळीत अंगाची सवय. वर्षानुवर्षं माशाचं तेल पिऊन होडी काळी कुळकुळीत झालेली. म्हाळू हा तिथला जुना कारागीर; तो हात फिरवून म्हणाला, "आयला, ही तर आपल्या टाकीपरीस गुळगुळीत हाय. अस्तर कशाला? नुसतं मेण चोळा." सुरेखाताईंनाही ते पटलं.

आणि तिथंच घात झाला. पातळ फायबर मेणातून लाकडात झिरपलं आणि रुतून बसलं. मी सुटेना. ओढलं, ठोकलं, फटीत पाणी सोडलं, छे! मी तिला घट्ट धरून बसलो होतो हो, आणि सोडायचं कसं ते मला कळत नव्हतं. अखेर पटाशी घेऊन होडी आतून एकेक फळी फोडून काढावी लागली. पोटात उरलेल्या चिपा खरवडून, घासून त्यांनी मला चकचकीत केलं. माझ्या आईच्या ढलप्या शेडच्या दारात पडल्या होत्या. सुरेखाताई त्या ढिगाशेजारी बसून हमसून हमसून रडल्या. 

धर्मा नाखवा होडी न्यायला आले. "माजी होरी कुटं हाय?"

"नाखवामामा, मोडली ती. माझ्या हातानं मोडली," सुरेखाताई म्हणाल्या. "काय बोलायचं ते बोला."

म्हातारा ढिगापाशी गेला. चिपांकडं बघितलं, मग माझ्यापाशी आला आणि माझ्या पोटात हात घातला. चाचपत चाचपत डाव्या कुशीला थांबला. तिथं ते थिगळ माझ्यात खोलगट उमटलं होतं.

"हे थिगल माजे बापाचा," तो म्हणाला. "तवा हीच आता माजी होरी. हिला फोरू नको, बाय. येवरा सांभाल."

"जीव गेला तरी फुटू द्यायची न्हाई," सुरेखाताई म्हणाल्या.

मित्रांनो, त्या दिवशी मला कळलं की मी नुसता साचा नाही. त्या होडीचा आकार आता जगात दुसरीकडं कुठंच उरला नव्हता.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. होडीमागून होडी निघाली, पांढरीशुभ्र, आणि प्रत्येकीच्या डाव्या कुशीला थिगळाचा उठाव. जपानहून आलेले तानाकासाहेब मोडक्या हिंदीत म्हणाले, "ये साफ करना. पानी रुकेगा." सुरेखाताईंनी पदर खोचला. "साहेब, बाकी काय बी सांगा. ते थिगळ ऱ्हाणार." साहेबांनी सगळी हकिगत ऐकून घेतली, माझ्यापुढं कमरेत वाकले आणि पुन्हा तो विषय काढला नाही. पहिल्या होडीच्या वेळी मला हार घातला, पेपरात फोटो आला. पण मला हाराचं काय? होडी ट्रकवर चढली, घाटाच्या दिशेनं गेली, की माझं पोट रिकामं आणि जीव थाऱ्यावर नाही. शंभू परत आला की खबर आणायचा. "ताई, मोठ्या भोकांची जाळी टाकाय लागल्यात गडी. पापलेट दिसाय लागलं म्हणत्यात, आन् घोळ मासाबी!" मी मनात म्हणायचो, अरे, लाटेचं सांग की! होडी लाटेवर चढते तेव्हा थिगळाला पाणी कसं लागतं ते सांग! पण शंभूला भूक लागलेली असायची.

पुढं काम संपलं, जपानी मंडळी गेली. हायवे रुंद होणार म्हणून शेड उठली. नव्या जागेत मी मावेना. सुरेखाताईंनी मला राहूला भावाकडं, गेणबाकडं पाठवलं. "थोडे दिवस ठेव, दादा. जपून." गेणबाला मी कोण, काय, काहीच ठाऊक नाही. त्यानं मला आडवं बघितलं, उभं बघितलं आणि खूश होऊन म्हणाला, "बहिणीनं झकास गव्हाण धाडली!"

झालं! ज्या पोटातून होड्या निघाल्या त्यात उसाच्या शेंड्यांचं वाढं पडलं. म्हशी माझ्यात तोंड घालून फुसफुसायच्या. त्यांची जीभ थिगळावर फिरली की मी कासावीस व्हायचो. पावसाळे गेले. थोडे दिवस कसले नि काय! दृष्टीआड सृष्टी, दुसरं काय?

गेणबानं नवा गोठा बांधला. त्यात मी लांबीला जास्त. "मधून कापू. दोन गव्हाणी व्हतील," असं म्हणून त्यानं ग्राइंडर लावला. माझ्या काठात पातं शिरलं. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. वीतभर कापलं, आणि लाईट गेली.

"परत आली की पुरं करू," म्हणून गेणबा पारावर गेला. त्याची बायको भागुबाई शेण भरत होती. तिला काय वाटलं कुणास ठाऊक. तिनं हात पुसले आणि नणंदेला फोन लावला. "वन्सं, तुमची ती लांबडी गव्हाण हे कापाय निघाल्यात. इचारलेलं बरं म्हटलं. दुसऱ्याची ठेव हाय."

पलीकडून सुरेखाताईंचा जो आवाज आला, तो गोठ्यातल्या म्हशींनीही ऐकला. "वैनी, हात लावू देऊ नगा! मेले मी! म्हाताऱ्याला शबूद दिलाय!"

लाईट आली. गेणबा आला. भागुबाई ग्राइंडरची वायर गुंडाळून तिच्यावर बसली होती.

"ऊठ की."

"न्हाई उठत. वन्सं येत्यात. तवर ह्याला हात लावायचा न्हाई."

सुरेखाताई आल्या. आल्या त्या माझ्या पोटातलं वाढं दोन्ही हातांनी उपसायला लागल्या. काठावरची चीर पाहून त्यांनी गेणबाला असं काही धारेवर धरलं की तो बिचारा म्हणाला, "अगं, पर मला सांगायचं तरी!" खरंच होतं ते. सांगितलं नव्हतंच. त्यांनी तिथूनच कोळीवाडीला फोन केला. "नाखवामामा, तुमची होडी माझ्याकडं नगं. माझं ध्यान ऱ्हायलं न्हाई. तुम्हीच घेऊन जा."

शंभूच्याच ट्रकमधून मी घाट उतरलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी समुद्राकडं निघालो! वाडीत आता पोरापोरींनी फायबरचं काम शिकून घेतलंय. जपानी लोक जाताना ते शिकवून गेले होते. धर्मा नाखव्यांना आता दिसत नाही. त्यांची लेक चांगुणा त्यांना हाताला धरून घेऊन आली. त्यांनी माझ्या पोटात हात घातला. थिगळ सापडलं. मग हात काठावर गेला आणि चिरेपाशी थांबला.

"ह्यो घाव कोनाचा?"

"राहूच्या गेणबामामांचा, शंभूनं सांगितलं," चांगुणा म्हणाली. "बुजवू का, बाबा?"

म्हातारा त्या चिरेवरून बोट फिरवत राहिला. "नको. तो पन आता होरीचाच."

आता मी किनाऱ्यावर झावळ्यांच्या झापाखाली असतो, आणि वाडीतली पोरंपोरी माझ्यातून नव्या होड्या काढतात. समुद्र समोर आहे. संध्याकाळी होड्या परत येतात, आणि जुन्यांच्या कुशीला थिगळ, नव्यांच्या कुशीला थिगळ आणि काठावर एक वीतभर उठावाची रेघ. मी काही पाण्यात जाणार नाही. साच्याच्या नशिबी ते नसतं. बेचैनी अजून आहे, पण आता ती कुणाला सांगावी लागत नाही, कारण लाटांचाही जीव तसाच बेचैन आहे.

मित्रांनो, कुणी तुमच्याकडं काही ठेवायला दिलं, तर ते काय आहे ते विचारून घ्या. आणि तुम्ही ठेवायला दिलं, तर ते काय आहे ते सांगून ठेवा. आणि तुमच्या अंगणात पडलेलं काही कापायला निघालात, तर आधी भागुबाईसारखं थोडा वेळ वायरीवर बसा.